सरांच्या पाटीवरची हवा

सरांपुढं 'लई' म्हणायची सोय नव्हती. लई पाऊस झाला म्हटलं की सर म्हणायचं, "लई म्हणजे किती?" लग्नाला लई माणसं आलती म्हटलं की, "किती, तीनशे का आठशे?" मला पहिल्यांदा वाटायचं आपली चेष्टा करत्यात, आठवीतनं शाळा सोडलेल्या बाईची कॉलेजातला मास्तर दुसरं काय करणार, पण तसं नव्हतं, त्यास्नी खरंच पायजे असायचं किती ते. मेथीवाली म्हणाली लई ताजी हाय सर, तर हे तिला विचारणार, "किती वाजता उपटली?" ती पण कोल्हापूरचीच. ती म्हणायची, "मेथी घ्याय आलाय का पोरगी बघाय आलाय?" सर हसायचं न्हाईत. गप मेथी घ्यायचं आणि पुढच्या गाड्यावर परत तेच.

सर म्हंजे आमचं घरमालक. ते वर राहायचं, आमी खाली मागच्या दोन खोल्यांत. त्यांची बायको लई वर्षांमागं वारलेली, लई म्हंजे किती ते मला ठाऊक न्हाय आणि विचारायची माझी टाप नव्हती. पोरगी परदेशात. सर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचं आणि रिटायर झाल्यावर पण त्यांनी जुनं काय काम धरून ठेवलेलं, तर समुद्राच्या तळाला जाऊन मोजायचं.

आता कोल्हापुरात कुठला समुद्र. घाट उतरून जायचं, मालवणकडं, आणि तिथनं होडीनं आत. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि खाली उतरायचं. खाली पाण्यात बुडालेलं खडक असत्यात, त्याला तिकडं खडप म्हणत्यात. त्या खडपावर काय काय जिवंत चिकटलंय ते सर मोजायचं. कालवं किती, स्पंज किती, प्रवाळ किती, काट्यांचं गोळं असत्यात काळं काळं, ते किती. मासे मोजायचं न्हाईत. "मासा पळतो, त्याचं काय खरं," म्हणायचं, "खडकाला धरून बसलेलं सांगतं समुद्राचं काय चाललंय ते." तीच खडपं, तीच जागा, दर वर्षी. मोजून झालं की मुंबईला कुठल्या हापिसात पाठवायचं. तिकडनं उत्तर आलेलं मी कधी बघितलं न्हाय. तरी पाठवायचं.

आमी राहाय आलो त्या दिवशी माझी परी सव्वा महिन्याची होती. सामान उतरवून मी तिला घेऊन मागच्या दारी गेले तर तारंवर माणूस लटकत होता. काळा, मुंडकं नसलेला, पायातनं पाणी ठिबकतंय. मी अशी किंचाळले की शेजारच्या काकी भांडी टाकून पळत आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, "अगं रबराची कापडं हाईत ती. तुझ्या घरमालकाची. आमाला सवय झालीया." सर वरनं गॅलरीत आलं. मला वाटलं आता सॉरी म्हणतील. ते म्हणालं, "सूट सावलीत वाळवावा लागतो. उन्हात रबर तडकतं." आणि आत गेलं.

असला माणूस. मी ह्यांना म्हटलं, आपण दुसरी खोली बघू.

पण ह्यांनीच तर सरांना धरलेलं. आमचं हे कारखान्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीला. सरांकडं टाक्या भरायचा एक जुना कॉम्प्रेसर होता, तो बंद पडला म्हणून सर कारखान्यात आलतं, ह्यांनी खोलून दिवसभर बसून नीट करून दिला. सरांनी विचारलं, पोहायला येतं का? हे विहिरीत उड्या मारून मोठं झालेलं, हे म्हणालं येतं की. तिथनं सुरू झालं. खोली पण तशीच मिळाली. आणि वर्षाच्या आत आमचं हे पण पाठीला टाकी बांधून सरांबरोबर खाली जाय लागलं, कारण एकट्यानं खाली जायचं न्हाय हा नियम असतोय, आणि सरांबरोबर जाणारा आधीचा माणूस नोकरीला पुण्याला गेला.

शिकवणी खणीत. गावाबाहेर दगड काढून काढून झालेली एक खण हाय, पाणी हिरवं, खोल. सरांनी घरात बसून दगडांवर शर्टाची बटनं चिकटवली, पांढरी, काळी, लाल, आणि ते दगड खणीच्या तळाला नेऊन ठेवलं. ह्यांनी खाली जायचं आणि कुठल्या दगडाला किती बटनं ते पाटीवर लिहून आणायचं, पाण्याखाली पण लिहिता येतं अशी पांढरी प्लास्टिकची पाटी असती. मी काठावर परीला मांडीवर घेऊन बसायची. काय करणार, घरात बसून जीव राहायचा न्हाय. ती दोघं खाली गेली की पाण्यावर बुडबुडं यायचं, आणि बुडबुडं यायचं तवर मी श्वास घ्यायची असं म्हटलं तरी चालंल. हे वर आलं की सर पाटी बघून म्हणायचं, "चौथ्या दगडावर एकोणीस लिहिलीस. वीस आहेत. परत जा." एका बटनासाठी. हे हसत परत जायचं. मला वाटायचं त्या म्हाताऱ्याला खणीत ढकलावं.

आणि ती चौकट. प्लास्टिकच्या पाइपची, हातभर लांब, हातभर रुंद. खाली खडपावर ती ठेवायची आणि तिच्या आत जेवढं येईल तेवढंच मोजायचं, बाहेरचं कितीबी चांगलं दिसू दे. सर ती कशावरबी टाकायचं. न्हाणीच्या भिंतीवर शेवाळ आलं, टाकली चौकट. अंगणात मुंग्या निघाल्या, टाकली चौकट. एकदा मी डाळ वाळत घातलेली, मागं वळून बघते तर चौकट टाकून सर उकिडवं बसल्यात. म्हणालं, "पोरी, ह्यात अकरा खडे आहेत. सगळ्या डाळीत किती असतील?" मी म्हटलं, "सर, निवडायची हाय अजून." म्हणालं, "निवडायच्या आधी सांगायचं असतं."

रिकामी जागा ठेवलेली त्यास्नी खपायची न्हाय. चौकटीत कालवं नसतील तर तिथं शून्य लिहायचं. आणि बघायचं राहून गेलं असंल तर 'बघितलं नाही' असं लिहायचं. "दोन्हीत फरक आहे," म्हणायचं. "नसणं समुद्राचं आहे. न बघणं आपलं आहे."

मी त्यास्नी भ्यायची. ते मोठ्यानं बोलायचं न्हाईत, पण भ्यायची. ते भ्या कमी झालं ते परीच्या आजारपणात.

परी आठ महिन्यांची असंल. उलट्या, जुलाब, काय थांबंना. हे सरांचंच काय सामान आणाय बेळगावला गेलेलं. मी नेसरीला अव्वाला फोन केला, माझी आई, ती म्हणाली दृष्ट काढ आणि ताक दे. मी रडत जिन्यात बसलेली, सर वरनं उतरत होतं. काय झालं विचारलं. मी म्हटलं, "परीला लई जुलाब होत्यात सर." आणि म्हटल्या म्हटल्या मला वाटलं, आता विचारतील. विचारलंच. "किती?" माझं डोसकंच फिरलं. मी म्हटलं, "माझं लेकरू मराय लागलंय आणि तुमी किती म्हणून विचारता?" सर वर गेलं. मला वाटलं राग आला. ते पाण्यातली पांढरी पाटी आणि पेन्सिल घेऊन आलं, माझ्या हातात दिली आणि म्हणालं, "जुलाबाला उभी रेघ. उलटीला आडवी. लघवीला गोल. शेजारी वेळ टाक. मी रिक्षा आणतो."

रिक्षा येईपर्यंत आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी सकाळपासनचं आठवून रेघा मारत बसले. डॉक्टरनं पाटी बघितली, सगळ्यात आधी गोल बघितलं. एकच होता, सकाळचा. डॉक्टर म्हणाला, "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं मी. तो नर्सला म्हणाला, आत घ्या, सलाइन लावा. तिथं बाकीच्या बायका सांगत होत्या, लई जुलाब, सारखं सारखं, आणि डॉक्टर परत परत विचारत होता कधीपासनं, किती. मी गप उभी होते. सर बाहेर बाकड्यावर दोन तास बसलेलं. परी बरी झाली तवा म्हणालं, "तुझं अक्षर बरं आहे. आणि तू मनाचं काही घालत नाहीस. माझं रजिस्टर लिहिशील?"

मनाचं काही घालत नाहीस. ते वाक्य मला अजून खुपतंय.

तर रजिस्टर माझ्याकडं आलं. काम असं, की सर आणि हे समुद्रावरनं आलं की पाट्या माझ्याकडं द्यायचं. पाटीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, चौकट नंबर एक, दोन, तीन, कालवं इतकी, स्पंज इतकं. आणि प्रत्येक चौकटीच्या शेजारी, कडंला, टाकीतली हवा. टाकीला काटा असतोय, भरलेली असली की दोनशे दावतो. एक चौकट मोजून झाली की काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. हा सरांचाच नियम, दुसरं कोण असं लिहीत न्हाय म्हणं. मोजायच्या नादात माणूस काटा बघायचा विसरतो म्हणून त्यांनी काटा पण मोजण्यातच घातलेला. पन्नास आलं की वर. काय बी अर्धं राहिलं तरी वर.

मी ते सगळं रजिस्टरात उतरवायचं आणि मग पाट्या भांड्याच्या पावडरीनं घासून, धुवून, वाळवून ठेवायच्या, पुढच्या फेरीला. दोन वर्षं मी ते केलं. परी शेजारी बसून एका फुटक्या पाटीवर रेघा मारायची. मला त्या कामात बरं वाटायचं. समुद्र मी बघितला नव्हता पण कुठल्या खडपावर काय हाय ते मला तोंडपाठ झालतं.

त्या दिवाळीनंतर पहिली फेरी झाली. सरांची पाटी उतरवाय बसले. सातव्या चौकटीला हवा एकशेदहा. आठव्याला शंभर. नवव्याला एकशेतीस.

मी थांबले. परत बघितलं. एकशेतीसच. मला हसू आलं, सर पण चुकत्यात म्हणून. दमलं असतील. आणि मी काय केलं, रजिस्टरात नव्वद लिहिलं. नीट दिसावं म्हणून. म्हाताऱ्या माणसाची एवढीशी चूक, कशाला ठेवायची. मग पाटी घासली. लख्ख केली.

पुढच्या फेरीत असंच एका जागी. त्याच्या पुढच्या फेरीत दोन जागी. सगळीकडं मी आकडा मनानं घातला, मागचा बघून पुढचा. एका पाटीवर तर बारावी चौकट दोनदा लिहिलेली, तीच कालवं, तंच स्पंज, तर मी दुसरीला खोडून गाळली. पाच वेळा झालं असं. पाचीवेळा पाटी घासून ठेवली. मला वाटत होतं मी सरांना सांभाळून घेतेय.

मग एक दिवस भाकरी थापताना माझा हात थांबला. टाकीतली हवा वाढत न्हाय. पाण्याखाली कुठनं वाढंल? म्हंजे सर काटा बघत न्हाईत, न्हायतर बघत्यात आणि त्यास्नी दिसतंय ते कळत न्हाय. आणि त्यांच्या शेजारी चार हातांवर माझा नवरा हाय.

हे जेवाय बसलं तवा मी विचारलं, "वर कधी यायचं ते कोण ठरवतं खाली?"

"सर अंगठा दावत्यात."

"तुमी तुमचा काटा बघता न्हवं?"

"बघतो की. पण सर सांगतील तवा वर."

"आणि त्यांची हवा संपली तर?"

"माझ्यातली देईन. दुसरी नळी असती त्यासाठीच."

"मग दोघांची मिळून किती पुरंल? आणि न्हाय पुरली तर, त्यास्नी सोडून वर याल का तुमी?"

ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणालं, "येडी हाईस का तू?"

तेवढ्यावर मला उत्तर मिळालं. मी मग सगळं सांगितलं, एकशेतीसचं, बाराव्या चौकटीचं. ह्यांना राग आला. म्हणालं, "तीस वर्षं तो माणूस पाण्याखाली हाय. आणि तू, आठवी, तू त्यांची चूक काढणार? तूच चुकीचं वाचलं असशील. दाव पाटी."

पाटी कुठली दावू. घासली होती की.

त्या आठवड्यात ते एकदा जाऊन आलं, चार पाट्या आल्या. त्या मी घासल्या न्हाईत. उतरवल्या पण न्हाईत. पिठाच्या डब्यामागं उभ्या करून ठेवल्या आणि परीला म्हटलं हात लावशील तर बघ. पुढची फेरी शुक्रवारी, लांबच्या खडपाची, ते सगळ्यात खोल, वर्षातनं एकदाच जायचं. गुरुवारी सकाळी सर खाली आलं, हातात पिशवी. "पाट्या दे. सामान भरायला घेतोय."

मी परीला कडंवर घेऊन दारात उभी राहिले. मी म्हटलं, "सर, मी रजिस्टरातलं आकडं बदलल्यात."

सर पिशवी घडी करत होतं, ते थांबलं.

"किती?"

"पाच."

"कुठले?"

"चार हवंचे. आणि एक चौकट गाळली."

एकदम सरांचा आवाज चढला, दोन वर्षांत पहिल्यांदा. "कुणी सांगितलं तुला? दिसेल ते लिहायचं एवढंच काम होतं. एवढंच. सगळं वर्ष वाया घालवलंस. चालती हो. आणि रजिस्टर आण."

परी रडाय लागली. मला पण रडू आलतं, पण मी म्हटलं, "जाते सर. खोली सोडा म्हणाला तर खोली सोडून जाते. पण ह्या चार पाट्या घासल्या न्हाईत मी, तेवढ्या बघा. मी आता मनाचं काय घातलेलं न्हाय."

आणि पाट्या त्यांच्या हातात दिल्या.

सर पायरीवर बसलं. चष्मा वर केला, पाटी डोळ्याजवळ धरली. पहिली बघितली. दुसरी बघितली. दुसरी बराच वेळ बघितली, मग परत पहिली घेतली. हे कामावर निघालेलं, ते येऊन मागं उभं राहिलं. शेजारच्या काकी भिंतीवरनं बघत होत्या, त्या आत गेल्या.

सर म्हणालं, "सहाव्या चौकटीला साठ आहे आणि सातव्याला एकशेचाळीस."

हे म्हणालं, "सर, पाण्यात असताना कधी कधी..."

"थांब." सरांनी बोट पाटीवर ठेवलं. "साठ खरं असेल तर त्यानंतर मी चार चौकटी केल्यात. वर आलो तेव्हा माझी टाकी तू उतरवलीस. किती होती?"

ह्यांनी मान खाली घातली.

"किती होती?"

"दहा," हे म्हणालं. "मला वाटलं काटा बिघडलाय. मी इथं आल्यावर काटा बदलला सर."

मी ते तवा पहिल्यांदा ऐकलं. म्हंजे मी आकडं नीट करत होते आणि हे काटं बदलत होतं. दोघंबी एकाच माणसाला सांभाळत होतो, आणि एकमेकाला काय बोललो नव्हतो.

सरांनी मला विचारलं, "पहिला आकडा कधी बदललास?" मी म्हटलं दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीला. म्हणालं, "त्याआधी एकदाही नाही?" मी म्हटलं, "परीची शपथ सर." म्हणालं, "शपथ नको. हो किंवा नाही सांग." मी म्हटलं न्हाय.

त्यांनी रजिस्टर घेतलं, पायरीवरच. दिवाळीपासनचं प्रत्येक पान उघडलं आणि प्रत्येक पानावर एकच तिरकी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. तेवीस पानं होती. रेघ मारताना हात जरा सुद्धा हलला न्हाय. मग पेन माझ्या हातात दिलं, म्हणालं, "लिही. या पानांवरच्या नोंदी धरू नयेत. मोजणाऱ्याला आकडे नीट वाचता येत नव्हते." मी लिहिलं. त्यांनी सही केली. मला म्हणालं, तू पण कर, बदलणारी म्हणून. मी केली. माझी सही म्हंजे काय, नाव लिहिते तीच.

शुक्रवारची फेरी झाली न्हाय. सोमवारी ह्यांनी त्यास्नी मोठ्या दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला. आत दोन जागी रक्त अडून बारीक इजा झालती, कवा झालती ते त्यास्नी पण कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला पाण्याखाली जायचं विसरा. सरांनी सूट गोड्या पाण्यातनं काढला, सावलीत वाळवला, पावडर मारली आणि गुंडाळून कपाटात ठेवला. मला वाटलं रडतील. न्हाय रडलं. उलट ह्यांनीच माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी म्हणालं, "त्यांचा समुद्र काढून घेतलास तू." मी म्हटलं, "घेतला. तुमी घरात हाईसा न्हवं?" पण मला सरांकडं बघवत नव्हतं. सर मला काय बोलायचं न्हाईत, हाक मारायचं, भाजी आणलीस का विचारायचं, पण जिन्यात समोर आलं की मला वाटायचं पाय पकडावं आणि परत वाटायचं कशाला पकडू.

तर सरांनी मोजणी थांबवली न्हाय. त्यांची एक जुनी विद्यार्थीण होती, गोव्याकडं पाण्याखालचंच काम करणारी, आमी तिला मॅडम म्हणायचो. पुढच्या वर्षी ती आणि आमचं हे खाली जाणार आणि सर होडीत बसणार असं ठरलं. मी म्हटलं, ह्यांना परत पाठवायचं तर मी पण येणार. सर म्हणालं, "ये की. तुझी खडपं आहेत ती, बघ तरी." परीला अव्वाकडं ठेवलं.

समुद्र बघून मी काय म्हणू. लई मोठा हाय. होडीत बसले तर फळी घट्ट धरून खालीच बघाय लागले, होडीवाला म्हणाला, "घाबरू नको गो, लांब बघ." ह्यांनी टाकी बांधली, माझ्याकडं बघून हात केला आणि मागच्या मागं पाण्यात पडलं. मॅडम पण. आणि मग पाणीच. खणीत कसं, काठ असतो, पाणी हलत न्हाय, बुडबुडं कुठं येत्यात ते दिसतं. इथं सगळंच हलतंय. सरांनी बोट करून दावलं, ते बघ मॅडमचे, ते बघ त्याचे. दोन जागी पाणी उकळल्यागत होत होतं.

सर माझ्या शेजारी. तीस वर्षं त्या होडीत आलेला माणूस, पण दुसरं कोण खाली असताना होडीत बसलेला कधीच नव्हता. त्यांना मांडी कुठं घालावी ते कळत नव्हतं. सारखं कडंला धरायचं, सोडायचं. पाटी न्हाय, पेन्सिल न्हाय, हातांना काय कामच न्हाय.

थोड्या वेळानं ह्यांचे बुडबुडं थांबलं.

मॅडमचे येत होते. ह्यांचे न्हाय. मी सरांचा दंड धरला. सर म्हणालं, "खडपाच्या खाली गेला असेल. वर खडकाचं छप्पर असलं की बुडबुडे अडकतात. येतील. मी मोजतोय." त्यांचे ओठ हलत होते. मी पाण्याकडं बघत होते आणि त्यांच्या ओठांकडं बघत होते. माझा हात त्यांच्या दंडात रुतला असंल.

मी विचारलं, "किती झालं सर?"

त्यांनी ओठ हलवायचं थांबवलं. माझ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलेलं.

"चुकला आकडा," म्हणालं.

मग आमी दोघंबी नुसतंच बघत बसलो. होडीवाल्यानं बिडी विझवली आणि तो पण उठून उभा राहिला. मी मनात देवाचं नाव पण घेऊ शकत नव्हते, काय आठवंच ना.

मग डावीकडं, आमी बघत होतो तिथं न्हाय, बरंच डावीकडं, पाणी उकळलं. मोठे बुडबुडं, एकावर एक.

होडीवाला म्हणाला, "तो बघ गो तुझो घोव," आणि खाली बसला. मला हुंदका आला आणि थांबंना. सर कडंला धरून बसलेलं, श्वास मोठा मोठा घेत होतं, जसं काय तेच खालनं वर आल्यात. मग त्यांनी विचारलं, "आम्ही खाली असायचो तेव्हा तुला दर वेळी असं व्हायचं?"

"व्हय."

"खणीच्या काठावर पण?"

"व्हय सर. घरात असले तरी व्हायचं."

"कधी बोलली नाहीस."

"तुमी कवा विचारलंसा?"

सरांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून बाटली माझ्याकडं केली. मी दोन घोट प्यायले, त्यांनी दोन घोट प्यायलं, आणि आमी परत बघाय लागलो, मॅडमचे बुडबुडं उजवीकडं, ह्यांचे डावीकडं.